हलणारा दात काढण्याआधी: हिरडीच्या कर्करोगाचं निदान कसं होतं

माझी आत्या सासवडजवळच्या एका गावात राहते. दोन वर्षांपूर्वी तिची खालची डावी दाढ हलायला लागली. "वय झालं, दात पडणारच," म्हणून तिने महिनाभर अंगावर काढलं. मग एका दवाखान्यात दाढ काढली. जखम काही भरेना. त्यावर जेल झालं, अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले, लवंगतेल झालं. तीन महिन्यांनी तिचा खालचा ओठ डाव्या बाजूला बधिर झाला, तेव्हा ती बसने हडपसरला उतरली आणि मला फोन केला. तो हिरडीचा कर्करोग होता आणि जबड्याच्या हाडात शिरला होता.

मी डॉक्टर नाही. आत्याची फाइल सांभाळता सांभाळता मी हे सगळं शिकले, आणि पुढे ओळखीतल्या चार-पाच जणांबरोबर ओपीडीच्या बाकावर बसले. प्रत्येक वेळी तेच दिसलं. हिरडीचा कर्करोग सुरुवातीला हुबेहूब हिरडीच्या साध्या आजारासारखा दिसतो, त्यामुळे उपचार दाताचा होतो आणि महिने निघून जातात. ते महिने वाचावेत म्हणून हा लेख. ज्यांच्या घरात हा प्रश्न नुकताच उभा राहिलाय त्यांच्यासाठी, अगदी पहिल्या पायरीपासून लिहिते.

आधी खरं बोला: "खाता का?" नाही, "लावता का?"

ओपीडीत पहिला प्रश्न असतो, "काही व्यसन? तंबाखू खाता?" आत्याने मान हलवून "नाही" म्हटलं, आणि ती खोटं बोलत नव्हती. तिच्या मते ती तंबाखू खात नाही, मिश्री लावते. तव्यावर भाजलेला तंबाखू बोटाने हिरड्यांना चोळायचा, सकाळी एकदा आणि दुपारी एकदा, वयाच्या पंधराव्या वर्षापासून. आपल्याकडच्या कितीतरी बायकांना हे व्यसन वाटतच नाही, ते दात घासण्यात मोडतं. पण मिश्री म्हणजे तंबाखूच, आणि ती थेट हिरडीवरच बसते.

म्हणून घरातल्या माणसाला वेगळ्या शब्दांत विचारा. मिश्री लावता का? तपकीर दाताला चोळता का? चुना-तंबाखूची गोळी कुठल्या बाजूला धरता? मावा, गुटखा, सुपारी? सुपारी नुसती असली तरी सांगा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखूशिवायच्या सुपारीलाही कर्करोगकारक ठरवून वीस वर्षं उलटून गेली आहेत. किती वर्षं आणि दिवसातून किती वेळा, हे कागदावर लिहून न्या. मोठ्या माणसाला सगळ्यांसमोर सांगायची लाज वाटत असेल, तर कागद डॉक्टरांच्या हातात द्या.

आणि हेही लक्षात ठेवा, कधीच काही न लावणाऱ्या माणसालाही हा आजार होतो. "आमच्यात कुणी तंबाखूला शिवत नाही" या भरवशावर न भरणारी जखम सोडून देऊ नका.

आरसा, टॉर्च आणि चमचा

घरी बघायला पाच मिनिटं पुरतात. खिडकीशी उजेडात बसा. कवळी असेल तर काढा. चूळ भरा. मोबाइलचा टॉर्च लावा आणि स्टीलच्या चमच्याच्या दांड्याने ओठ आणि गाल बाजूला करा. वरची हिरडी, खालची हिरडी, बाहेरची बाजू, जिभेकडची बाजू, शेवटच्या दाढेच्या मागचा कोपरा, आणि गाल व हिरडी यांच्यामधली खाच. गोळी किंवा मिश्री जिथे रोज बसते ती जागा दोनदा बघा. खालच्या जबड्यात, मागच्या दाढांच्या बाजूला हा आजार जास्त आढळतो.

काय दिसलं तर दखल घ्यायची? पुसून न निघणारा पांढरा चट्टा. मखमलीसारखा लाल चट्टा, आणि हा पांढऱ्यापेक्षा जास्त काळजीचा असतो. तुतीच्या फळासारखी दाणेदार, हात लावताच रक्त येणारी वाढ. कडा उचललेल्या आणि कडक असलेली जखम. बाकीचे दात घट्ट असताना एकच दात हलणं. काल-परवापर्यंत नीट बसणारी कवळी अचानक टोचणं. दात काढलेली जागा दोन-तीन आठवड्यांनीही न भरणं. खालचा ओठ किंवा हनुवटी बधिर होणं. कान नीट असताना त्याच बाजूचा कान दुखणं. तोंड कमी उघडणं. जबड्याखाली किंवा मानेत न दुखणारी कडक गाठ.

दुखतंय का, यावर मोजमाप ठरवू नका. सुरुवातीला बहुतेक वेळा दुखतच नाही, आणि नेमकं त्यामुळेच माणसं थांबतात.

घाबरूही नका. हिरडीवरची प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. गरोदरपणात हिरडीवर लालबुंद फुगवटा येतो, कवळीने घासून जखम होते, तुटक्या दाताचं टोक लागतं, लायकेन प्लॅनस नावाचा आजार पांढऱ्या जाळीसारखा दिसतो. पायोरियात सहसा अनेक दातांच्या हिरड्या एकदम सुजतात आणि दात साफ करून घेतले की आठ-दहा दिवसांत फरक पडतो. एकाच जागी अडून बसलेली आणि साफसफाईनंतरही तशीच राहिलेली गोष्ट वेगळी. पण नुसत्या नजरेने हे वेगळेपण खात्रीने कुणालाच सांगता येत नाही, अनुभवी डॉक्टरांनासुद्धा. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

दोन आठवडे. त्याहून जास्त नाही.

दाताचं टोक टोचत असेल तर ते घासून घ्या, कवळी काढून ठेवा, दात साफ करून घ्या, मिश्री बंद करा. मग कॅलेंडरवर दोन आठवड्यांनंतरच्या दिवसाला खूण करा. दर तीन-चार दिवसांनी त्याच जागेचा, त्याच उजेडात फोटो काढा. हे फोटो ओपीडीत फार उपयोगी पडतात, कारण "वाढलंय का?" या प्रश्नाचं उत्तर सहसा कुणाला देता येत नाही. खूण केलेल्या दिवशी जागा पूर्ण बरी नसेल तर मुखरोग तज्ज्ञाकडे जा. "थोडं कमी वाटतंय" म्हणजे बरं झालं असं नाही. आणि ओठ बधिर असेल, मानेत गाठ असेल किंवा दाणेदार वाढ दिसत असेल, तर हे दोन आठवडेही थांबू नका.

जेलची दुसरी ट्यूब आणू नका. हळद, तुरटी, लवंगतेल यांनी कदाचित काही बिघडणार नाही, पण दिवस जातात. आत्याच्या बाबतीत खरं नुकसान दिवसांनीच केलं.

पुण्यात कुठे जायचं

घराजवळचे दातांचे डॉक्टर सुरुवातीला चालतील, त्यांनी नीट बघून पुढे पाठवलं तर फारच उत्तम. थेट जायचं असेल तर दंत महाविद्यालयांच्या ओपीडी हा मला सगळ्यात चांगला रस्ता वाटतो. खर्च कमी, आणि एकाच इमारतीत तोंडाच्या आजारांचं निदान करणारे, शस्त्रक्रिया करणारे आणि जखमेतून काढलेला तुकडा (बायोप्सी) तपासणारे असे तिन्ही विभाग असतात. धनकवडीला भारती विद्यापीठ, वडगावला सिंहगड, कॅम्पात आझम कॅम्पसमधलं रंगूनवाला, पिंपरीला डी. वाय. पाटील. केस पेपर काढताना "ओरल मेडिसिन", म्हणजे मुखरोग विभाग सांगा. नुसतं "दात दुखतो" म्हटलंत तर भलत्याच रांगेत उभं राहाल. पुणे स्टेशनजवळच्या ससूनमध्ये कान-नाक-घसा विभागातही ही तपासणी होते. सकाळी लवकर जा, जेवण करून जा, आणि सोबत एक ऐकणारं माणूस न्या. रुग्णाला त्या दिवशी अर्धंच ऐकू येतं.

सोबत न्यायच्या गोष्टी: जुने एक्स-रे, चालू गोळ्यांची पाकिटं, शुगरचा अलीकडचा रिपोर्ट. रक्त पातळ करणारी गोळी, म्हणजे ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल चालू असेल तर आधीच सांगा. ती स्वतःहून बंद करू नका.

डॉक्टर आरशाने तोंड बघतील, हातमोजा घालून हिरडी दाबून तिचा कडकपणा पाहतील, मान चाचपतील, तोंड किती उघडतं ते मोजतील. ओठाची जाणीव पाहायला कापूस टेकवतील. काही ठिकाणी निळा रंग लावून संशयास्पद भाग बघतात किंवा ब्रशने पेशी घेतात. याचा उपयोग तुकडा कुठून घ्यावा हे ठरवायला होतो. त्यावरून "कर्करोग नाही" असा निकाल कुणी देत असेल तर तो मानू नका.

दात काढू देऊ नका, आधी तुकडा

या सगळ्या लेखातलं एकच वाक्य कुणाच्या लक्षात राहणार असेल तर ते हे असावं. एकच दात हलतोय आणि त्याच्या भोवतीची हिरडी सुजलेली, जखम झालेली किंवा दाणेदार असेल, तर दात काढायला खुर्चीत बसण्याआधी विचारा: "डॉक्टर, आधी तुकडा घ्यायला हवा का?"

दात जिथे बसतो तो हाडातला खळगा असतो. हिरडीवर कर्करोग असताना दात उपटला की त्याला हाडात उतरायला उघडा दरवाजा मिळतो. शिवाय नंतर स्कॅनमध्ये हाड आजाराने खाल्लंय की दात काढल्याने पोकळ दिसतंय, हे सांगणं अवघड होऊन बसतं. आणि दात काढून झालाच असेल आणि जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नसेल, तर तिथून खरवडून काढलेलं मांस बादलीत न टाकता तपासायला पाठवा असं स्पष्ट सांगा. आत्याच्या वेळी ते दोनदा खरवडलं होतं. दोन्ही वेळा फेकून दिलं.

तुकडा म्हणजे नेमकं काय

बायोप्सी. आपल्याकडे सगळे "तुकडा काढला" असंच म्हणतात. ऐकायला भयंकर वाटतं, प्रत्यक्षात दात काढण्यापेक्षा सोपं असतं. भुलीचं इंजेक्शन, मग जखमेच्या कडेवरून काही मिलिमीटरचा तुकडा, एखाद-दुसरा टाका, दाबून धरायला कापूस. पंधरा-वीस मिनिटांत माणूस बाहेर येतो. त्या दिवशी गार आणि मऊ खायचं. आत्याने दहीभात खाल्ला आणि संध्याकाळी गवारीच्या शेंगा मोडत बसली.

तुकडा कडेवरून आणि पुरेसा खोल घेतलेला असावा. जखमेच्या मधोमध बहुतेक मेलेल्या पेशी असतात, त्यातून नीट उत्तर मिळत नाही. सगळी गाठ एकदम कापून टाकण्याची घाई इथे करायची नसते. आधी निदान, मग शस्त्रक्रियेची आखणी. तुकडा फॉर्मलिनच्या बाटलीत जातो. बाटलीवर नाव आणि जागा बरोबर लिहिली आहे का, ते तुम्हीच बघा. "डावी खालची हिरडी" असं स्पष्ट हवं.

"सुई लावली की पसरतो" हे वाक्य तुम्हाला कुणी ना कुणी ऐकवणारच. आमच्याकडे ते आत्याच्या दिरांनी ऐकवलं, आणि त्यापायी आणखी नऊ दिवस गेले. तोंडातल्या जखमेचा तुकडा घेतल्याने आजार पसरत नाही. थांबल्यामुळे मात्र तो वाढत राहतो. घरातलं वडीलधारं माणूस अडून बसलं असेल तर वाद घालू नका, त्यांनाच सोबत घेऊन जा आणि डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या. आत्याचे दीर शेवटी असेच तयार झाले.

मानेत गाठ असेल तर तिच्यातून बारीक सुईने पेशी घेऊन तपासतात, या तपासणीला एफएनएसी म्हणतात. गाठ कापून काढण्याची गरज या टप्प्यावर नसते.

रिपोर्ट हातात आला की

साधारण आठवडाभर लागतो. तो आठवडा फार लांब असतो. त्या दिवसांत इंटरनेटवर फोटो बघत बसू नका, एवढंच सांगते.

रिपोर्टमध्ये बहुतेकदा "स्क्वॅमस सेल कार्सिनोमा" हे शब्द असतात. तोंडाच्या अस्तरापासून सुरू होणारा हा कर्करोग, हिरडीवर मुख्यतः हाच आढळतो. त्याच्या आधी "वेल", "मॉडरेटली" किंवा "पुअरली डिफरन्शिएटेड" लिहिलेलं असतं. पेशी मूळच्या पेशींसारख्या किती राहिल्यात, एवढाच त्याचा अर्थ. "मॉडरेटली" वाचून आम्ही "मध्यम स्टेज" असा अर्थ लावून बसलो होतो. स्टेज या कागदावरून ठरतच नाही.

"डिसप्लेसिया" म्हणजे पेशी बदलू लागल्यात, पण कर्करोग झालेला नाही. माइल्ड, मॉडरेट, सिव्हिअर अशा तिच्या पायऱ्या आहेत. त्यावर उपचार होतात आणि नियमित तपासण्या कराव्या लागतात.

"कर्करोग आढळला नाही" असा रिपोर्ट आला तर? सुटकेचा श्वास सोडण्याआधी एकदा आरशात बघा. जखम तशीच कडक आणि वाढती असेल तर पुन्हा तुकडा घ्यायला सांगा. व्हेरुकस कार्सिनोमा नावाचा फुलकोबीसारखा दिसणारा एक प्रकार तंबाखू धरणाऱ्यांत आढळतो. तुकडा वरवरचा असेल तर हा प्रकार सहज निसटू शकतो. दुसऱ्यांदा तुकडा मागणं म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास दाखवणं नव्हे, चांगले डॉक्टर स्वतःहूनच तसं सुचवतात.

किती खोल, किती दूर

निदान पक्कं झालं की स्कॅन. हिरडीच्या खाली लगेच हाड असल्यामुळे इथला मुख्य प्रश्न हाडाचाच असतो. ओपीजी म्हणजे सगळ्या जबड्याचा एकच लांबट एक्स-रे. स्वस्त आणि उपयोगी, पण हाडाचा बराच क्षार गेल्याशिवाय त्यात काही दिसत नाही. म्हणून ओपीजी स्वच्छ आहे म्हणजे हाड सुरक्षित आहे, असं धरून चालता येत नाही.

सीटी स्कॅन हाडासाठी उत्तम. त्यात शिरेतून औषध देतात, त्यासाठी आधी रक्तातलं क्रिएटिनिन तपासतात, त्यावरून मूत्रपिंड नीट काम करतंय का ते कळतं. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी चालू असेल तर सांगा. "गाल फुगवून सीटी करणार का?" हे जरूर विचारा. तोंडात हवा भरून गाल फुगवला की गाल आणि हिरडी एकमेकांपासून सुटतात, आणि आजार नेमका कुठे आहे ते स्पष्ट दिसतं. नाहीतर दोन्ही एकमेकांना चिकटलेले दिसतात. आत्याला मी आदल्या रात्री आरशासमोर गाल फुगवून श्वास नाकाने घ्यायची सवय करायला लावली होती.

हाडातला मगज आणि नस यांची शंका असेल तर एमआरआय करतात. मानेसाठी सोनोग्राफी होते. पेट स्कॅन प्रत्येकाला लागत नाही, आजार पुढे गेल्याची शंका असेल तेव्हाच सांगतात.

स्टेज यातून ठरते. २०१८ पासून वापरात असलेल्या पद्धतीत गाठीचा आकार आणि तिची खोली दोन्ही मोजतात. दोन सेंटिमीटरपर्यंतची आणि पाच मिलिमीटरपर्यंत खोल गेलेली गाठ सगळ्यात सुरुवातीच्या गटात येते. हिरडीसाठी एक वेगळी सवलतही आहे: हाड किंवा दाताचा खळगा नुसता वरवर खरवडला गेला असेल, तर तेवढ्यावरून तो थेट चौथ्या टप्प्यात जात नाही. म्हणून "हाडाला लागलंय" हे शब्द कानावर पडताच धीर सोडू नका. वरवर लागलंय की आरपार गेलंय, ते विचारा.

यानंतर शस्त्रक्रिया करणारे, रेडिएशन देणारे आणि केमो देणारे डॉक्टर एकत्र बसून उपचार ठरवतात. रेडिएशन लागणार असेल तर खराब दात त्याआधी काढावे लागतात. पण ते आता या टीमच्या सांगण्यावरून, मनाने नाही.

फाइल आणि पैसे

दुसरा सल्ला घ्यायला परळच्या टाटा हॉस्पिटलला जायचं असेल, आणि पुण्याहून खूप जण जातात, तर नुसता रिपोर्ट पुरत नाही. जिथे तुकडा तपासला तिथून स्लाइड आणि ब्लॉक मागून घ्या. ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला तोच तुकडा. दुसरीकडे तो पुन्हा तपासतात. तो नसेल तर तुकडा पुन्हा काढायची पाळी येऊ शकते. आमचा ब्लॉक घरी राहिला, आणि मी दादरहून परत येऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा सिंहगड एक्सप्रेस पकडली. स्कॅनची सीडीही लागते, फिल्मवर भागत नाही.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार येतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं. रेशनकार्ड आणि आधार घेऊन महागड्या तपासण्यांच्या आधीच त्यांच्याकडे जा आणि काय बसतं, काय नाही ते विचारा. धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धनांसाठी आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात. तिथल्या समाजसेवा विभागात उत्पन्नाचा दाखला घेऊन जा. पुणे महापालिकेच्या हद्दीत राहत असाल तर शहरी गरीब योजनेचीही चौकशी करा.

मिश्री सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ हा सरकारी क्रमांक फुकट आहे. आत्याने निदानाच्या दिवशी डबी टाकली आणि तिसऱ्या दिवशी परत शोधली. तिला रागावून काही झालं नसतं. चौथ्या दिवशी आम्ही फोन लावला.

तिच्या जबड्याचा डावा तुकडा काढावा लागला. आता ती भाकरी दुधात कुस्करून खाते आणि फोनवर मला दरडावते. गेल्या दिवाळीत मी गावी गेले तेव्हा टॉर्च आणि चमचा घेऊन ओसरीवर बसले आणि घरातल्या सगळ्या बायकांची तोंडं बघितली. धाकट्या काकूच्या खालच्या हिरडीवर नखाएवढा पांढरा चट्टा होता, पुसून न निघणारा. दोन आठवड्यांनी तो तसाच होता, म्हणून तिला धनकवडीला नेलं. तुकड्याचा रिपोर्ट आला, माइल्ड डिसप्लेसिया. तिने मिश्री बंद केलीये. दर तीन महिन्यांनी दाखवायचंय, आणि पुढची तारीख आत्याने आपल्याच कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवलीये.